‘अजून नाही’ म्हणणारे मास्तर

मास्तरांकडे गाडी शिकायला जाणारा माणूस सुरुवातीचे दिवस गाडीला हातसुद्धा लावत नसे. तो चालायचा. मोरिवली नाक्यावरून अंबरनाथ स्टेशनच्या दिशेने, रस्त्याच्या डाव्या कडेने, मास्तरांच्या मागोमाग. वळायचं झालं की हात आडवा काढायचा. थांबायचं झालं की हात वरखाली हलवायचा. पुढे सायकलवाला दिसला तर तो कुठे वळणार ते मोठ्याने सांगायचं, आणि चुकलं तर पुन्हा नाक्यापासून सुरुवात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते असेच चालले होते. डोक्याला खाकी टोपी, पांढरा सदरा, तोंडात बडीशेप. त्यांच्यामागे औषध कंपनीतला एक टाय लावलेला माणूस आणि एक पोट सुटलेला दुकानदार उजवा हात आडवा धरून चौक ओलांडत होते. पानवाला हसत होता. पाळी सुटलेले कामगार शिट्ट्या मारत होते. मास्तरांनी मागे न बघता विचारलं, "पुढे रिक्षा उभी आहे. तिचं चाक कुठे बघतंय?"

"रस्त्याकडे, मास्तर."

"मग ती काय करणार?"

"निघणार."

"आणि तुम्ही?"

दोघंही हात वरखाली करत जागच्या जागी थांबले. रिक्षावाल्याने मागे न बघता रिक्षा काढली आणि तो गेलासुद्धा. मास्तर पुढे चालू लागले. "पायांनी चालवता येत नाही त्याला चाकं कशाला द्यायची," असं ते म्हणत. कोणी हसलं तर म्हणत, "हसू दे. हसणारा माणूस रस्त्यात मध्ये येत नाही, कडेला उभा राहतो."

मी मुखेडकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एका माणसाचा हात धरून उल्हासनगरला आलो आणि कॅम्प चारमध्ये एका सिंधी सेठच्या पँटींच्या कारखान्यात धागे कापायला लागलो. कारखाना म्हणजे दोन मोठ्या खोल्या, शिलाई मशिनी आणि कापडाचे गठ्ठे. त्याच गठ्ठ्यांवर झोपायचो. बायको आणि लहान मुलगी गावी भावाच्या घरात होत्या, भावजयीच्या हाताखाली. सणाला गेलो की मुलगी माझ्याकडे परक्यासारखी बघायची आणि आईच्या मागे जायची.

सेठचा ड्रायव्हर कायमचा मुलुखाला जाणार होता. सेठच्या घरामागे एक खोली होती, नळ आतच, ती ड्रायव्हरची. एक दिवस सेठ मला म्हणाला, "तू शरीफ है. दिवाली तक लायसन ले आ, गाड़ी भी तेरी, कमरा भी तेरा." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात फक्त ती खोली होती. मुलीला नळाखाली बसवून अंघोळ घालतोय असं स्वप्न पडायचं. गावी निरोपही धाडून बसलो की दिवाळीला न्यायला येतो.

पण मी घाबरट. लहानपणापासून कोणी आवाज चढवला की पाय लटलटायचे. ज्याने जे सांगितलं त्याला हो म्हणायचो. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव ‘होयबा’ ठेवलं. ‘होयबा, दुसरा गिअर.’ ‘होयबा, क्लच जळतोय, मला वास आला, तुला नाही?’ खरं तर तेव्हा मला वास आलेला नसायचा, पण मी म्हणायचो, "आला मास्तर."

"कशाचा आला?"

"तुम्हाला आला त्याचाच."

यावर ते बराच वेळ बडीशेप चावत बसायचे.

आधी ते कुठल्याशा कारखान्याची ॲम्ब्युलन्स चालवत. निवृत्त झाल्यावर एक जुनी फियाट घेतली, डावीकडे जादा ब्रेक आणि क्लच बसवून घेतला. गाडीत शिरताना ते चपला काढून सीटखाली ठेवत, देवळात शिरावं तसं. शिकाऊ अगदीच नवा असला की त्यांचे दोन्ही पाय खाली, ब्रेकपाशी. थोडा हात बसला की एक पाय वर, मांडीखाली. शेवटी शेवटी दोन्ही पाय वर घेऊन, पाटावर जेवायला बसल्यासारखे मांडी घालून बसत. शिकणारे आपापसात विचारत, "तुझ्या वेळेला किती पाय?" माझ्या वेळेला बरेच दिवस दोन्ही खालीच होते.

त्यांच्या कानाचं काय सांगावं. नाक्यावरच्या टपरीवर ते रस्त्याकडे पाठ करून चहा पीत. मागून गाडी गेली की सांगत, ही अमक्याची, ही तमक्याची. एकदा म्हणाले, "हा दूधवाल्याचा टेम्पो. आज घरी भांडून निघालाय. गिअर बघ कसा टाकतोय, ताटातली भाकरी ढकलावी तसा." मी वळून बघितलं. टेम्पो पुढे जाऊन थांबला, दूधवाला उतरला, कॅन आपटला आणि टपरीवाल्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या काळात मला वाटायचं की आपण गाडी शिकत नाही, काहीतरी फार मोठं आपल्या शेजारी मांडी घालून बसलंय आणि आपल्याला त्याचं टोकसुद्धा दिसत नाही.

बाकीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिना भरला की ठाण्याला परीक्षेला नेत. मास्तरांचा महिना कधी भरत नसे. कच्चं लायसन खिशात घेऊन लोक विचारत, "मास्तर, परीक्षा?" ते गाडीच्या काचेवर ओला फडका फिरवत म्हणत, "अजून नाही." का नाही, ते सांगत नसत. तो टायवाला माणूस चढावर गाडी अशी उचलायचा की पाण्याचा थेंब हलणार नाही, रिव्हर्स तर थांबून बघण्यासारखा. त्यालाही अजून नाही. उलट बदलापूर गावातून एक नर्सबाई यायच्या, त्यांना चढ धड जमत नव्हता, गाडी बंद पडायची. त्या मात्र झटकन गेल्या.

त्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो होतो. ज्याची पाळी नंतर असे त्याला मास्तर कधी कधी मागे बसवून घेत. बाजाराच्या गर्दीत मास्तर सारखे बोलत होते, "बाई, घ्या पुढे, घ्या, हॉर्न द्या, काढा तिकडून, काय बघताय." नर्सबाईंनी गाडी उभी केली आणि शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आधी गप्प बसा. मला आरशात बघू द्या. मग काय करायचं ते माझं मी ठरवते."

मला वाटलं, आता ही बाई संपली. मास्तर गप्प बसले. मोरिवलीला परत येऊन उतरल्यावर म्हणाले, "फोटो काढून आणा. पुढच्या आठवड्यात ठाणे."

मी मनात म्हटलं, बाईमाणूस म्हणून सवलत दिली.

दसरा जवळ आला तसा सेठ अस्वस्थ झाला. जुन्या ड्रायव्हरचं तिकीट निघालं होतं. एका सकाळी सेठ स्वतःच मोरिवलीला आला. मास्तर बोनेट उघडून आत वाकले होते.

"मास्टर साईं, लड़के को टेस्ट में भेजो. बहुत हो गया."

"अजून नाही, सेठ."

"अरे, गाड़ी तो चलाता है. मैंने खुद देखा. बाकी ठाणे में मैं देख लूँगा, अपने आदमी हैं."

मास्तर वर आले. "ठाण्याचं तुम्ही बघाल. रस्त्यावर कोण बघणार? तुमची मुलं मागं बसणार ना?"

"तो?"

"मग कधी पाठवायचं ते मला सांगू द्या."

सेठ माझ्याकडे वळला. "देख, मेरे पास टाइम नहीं है. दिवाली तक नहीं हुआ तो दूसरा आदमी देखूँगा. कमरा खाली नहीं रख सकता." आणि गेला.

मी तिथेच रडकुंडीला आलो. मास्तरांचे पाय धरायला वाकलो तर ते मागे सरकले. "पाया पडू नको. पाया पडणारा माणूस खाली बघतो." म्हटलं, "मास्तर, मला काय येत नाही तेवढं सांगा. रात्रंदिवस करीन." ते म्हणाले, "तुला सगळं येतं, होयबा." आणि पुन्हा बोनेटमध्ये शिरले.

सगळं येतं, मग अडलंय कुठे? कारखान्यात धागे कापताना मी हाच विचार करायचो. हातून दोनदा चांगलं कापड कापलं गेलं.

नवरात्रातली गोष्ट. मास्तर म्हणाले, "आज तुझ्या कॅम्पात चल." कॅम्प चारमधल्या गल्ल्या म्हणजे एका बाजूला दुकानांचे ओटे, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मध्ये हातगाड्या. एका गल्लीत मंडप पडला होता. मंडपाच्या तोंडाशी शिडी लावून एक माणूस रोषणाईच्या माळा बांधत होता. तोंडात खिळे, दोन्ही हात वर. शिडीचा पाय रस्त्यात, आणि पलीकडे गटार. मी गाडी हळू केली.

"गाडी जाते. घाल," मास्तर म्हणाले.

मी बघितलं. आरशाच्या बाहेरच्या कडेकडे बघितलं, शिडीच्या पायाकडे बघितलं.

"मास्तर, शिडी..."

"मी सांगतो ना जाते म्हणून. मी किती वर्षं गाडी चालवतोय?"

मागून एक रिक्षा हॉर्न देऊ लागली. तिच्या मागे एक टेम्पो. टेम्पोवाला ओरडला, "ए, एल बोर्डवाल्या, रस्ता खरेदी केलाय काय?" ओट्यावरचा दुकानदार हात हलवून "आने दो, आने दो" करू लागला. आयुष्यभर असल्या वेळेला मी जे केलं तेच करायला क्लचवरचा पाय सुटत होता. क्लच अर्धा सुटलासुद्धा. गाडी हातभर पुढे सरकली. तेवढ्यात वरच्या माणसाने खाली न बघता एक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला आणि सगळी शिडी किंचित वाकली.

मी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मास्तर.

"नाही जात."

"काय?"

"जात नाही, मास्तर."

मास्तरांचा आवाज चढला. इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "शिकवतंय कोण, तू का मी? तुझ्या सेठला काय सांगू, पोरगं गल्लीत बसून राहिलं म्हणून? दिवाळी आली. खोली हवी ना तुला? मग घाल गाडी."

खोलीचं नाव निघाल्यावर मला रडूच फुटलं. पण रडत रडत मी म्हणालो, "नको मला. तुम्हाला घालायची तर तुम्ही इकडे बसा. मी उतरतो. वर माणूस आहे."

बाहेर टेम्पोवाला माझ्या आईबापाचा उद्धार करत होता. मास्तरांनी खिशातून बडीशेपची पुडी काढली, थोडी तोंडात टाकली, थोडी माझ्या हातावर ठेवली.

"मागे घे," ते म्हणाले. आवाज पुन्हा रोजचा.

मी उतरलो, रिक्षावाल्याला हात जोडले, टेम्पोवाल्याला हात जोडले, त्यांना मागे काढलं आणि अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये बाहेर आलो. वळून बघितलं तर मास्तर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसले होते. "फोटो काढलेत का?" त्यांनी विचारलं.

बऱ्याच दिवसांनी धीर करून मी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी मी घातलीच असती तर?" ते म्हणाले, "माझा पाय ब्रेकवर होता. तुझं लक्ष नव्हतं माझ्या पायाकडे. पहिल्यांदाच नव्हतं." मग मला नर्सबाई आठवल्या. पुढे जुन्या शिकलेल्यांना एकेकाला गाठून विचारलं. दुकानदाराला त्यांनी बदलापूरच्या रस्त्यावर वळणात पुढची बस ओलांडायला सांगितलं होतं. कुणाला शाळेसमोर वेग वाढव म्हणाले होते. प्रत्येकाला एक खोटा हुकूम. ज्याने मानला त्याला काही बोलत नसत, त्यांचाच पाय ब्रेकवर जाई, आणि परत येताना तेच ठरलेलं, अजून नाही. टायवाला बिचारा सगळे हुकूम इतके सुंदर पाळायचा की त्याची परीक्षा कधी आलीच नाही. शेवटी तो दुसऱ्या स्कूलमध्ये गेला. आणि गंमत म्हणजे आमच्यापैकी कुणीही नव्याला हे फोडलं नाही. कुणी बजावलं नव्हतं, तरी नाही.

ठाण्याची परीक्षा त्यापुढे काहीच नव्हती. पक्कं लायसन आलं. दिवाळीला गावी जाऊन दोघींना घेऊन आलो. मुलीने नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. दिवसभर तेच.

आता खरं सांगायचं ते पुढचं.

त्याच वर्षीच्या लग्नसराईत सेठच्या साडूकडे कल्याणला लग्न होतं. निघायला उशीर झाला. गाडीत सेठ पुढे, मागे भाभी, दोन मुलं आणि सेठची म्हातारी आई, जिला सगळे अम्मा म्हणत. रेल्वे फाटकाशी आलो तर घंटा वाजत होती आणि दांडा खाली येऊ लागला होता. स्कूटरवाले वाकून निघत होते. एक जीप सुटली.

"निकाल, निकाल," सेठ म्हणाला. "निकल जाएगी."

मी थांबलो.

"अरे निकाल ना. बारात पहुँच गई होगी."

"नाही सेठ. फाटक पडतंय."

"मालिक कौन है, तू या मैं?"

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. आधी एक मालगाडी गेली, लांबच लांब, मग उलट दिशेने दुसरी गाडी. कल्याणला मंडपाच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर सेठ म्हणाला, "चाबी दे. कल सुबह कमरा खाली कर."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने एक चादर पसरली आणि भांडी बांधायला घेतली. ताट, तांबे, तवा. मुलगी एकेक भांडं आणून देत होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो. खोली मिळायच्या आधी जेवढा घाबरलो नव्हतो तेवढा तेव्हा घाबरलो. मनात मास्तरांनाही दोन शिव्या दिल्या.

सकाळी गाठोडी दारात ठेवली होती. अम्मा आल्या. हातात गाडीची चावी. गाठोड्यांकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "पुट, बेटा, गाड़ी निकाल. मंदिर जाना है."

"अम्मा, सेठ म्हणाले..."

"सेठ को मैंने पैदा किया है," अम्मा म्हणाल्या. "कल पीछे मैं भी बैठी थी."

सेठ वर गॅलरीत उभा राहून दात घासत होता. त्याने खाली बघितलं, चूळ भरली आणि आत गेला. पुढे बरीच वर्षं मी त्याची गाडी चालवली. त्या दिवसाविषयी तो कधी बोलला नाही, मीही नाही.

अम्मांना मंदिरातून घरी सोडलं आणि थेट मोरिवलीला गेलो. वाटलं, मास्तर पाठ थोपटतील. ते गाडी धूत होते. मी फाटकापासून सगळं सांगितलं. गाडी थांबवली ते ऐकताना त्यांचा फडका चालूच होता. भांडी बांधली म्हटल्यावर तो थांबला.

"सगळी बांधली?"

"सगळी."

"बायको काय म्हणाली?"

"काही नाही. बांधत होती."

मास्तरांनी फडका बादलीत टाकला, चपला घातल्या आणि म्हणाले, "चल."

खोलीच्या दारात गाठोडी अजून तशीच होती. मास्तर आत जमिनीवर बसले. बायकोने एका गाठोड्याची गाठ सोडून पातेलं काढलं आणि चहा ठेवला. मास्तर म्हणाले, "पोरी, तुझ्या नवऱ्याला नाही म्हणायला मी शिकवलं. राग आलाय का माझा?"

ती पदर सारखा करत म्हणाली, "नाही म्हनले त्याचा राग नाही आला, मास्तर. लेकरं होती गाडीत. पर भांडी म्या बांधली. शिकवताना तुमी माझा इचार केला व्हता का?"

एवढा मोठा माणूस. गिअरच्या आवाजावरून दुसऱ्याच्या घरातलं भांडण ओळखणारा. चहा निवला तरी ते बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही, बाई. नव्हता केला."

"मग फुडल्या टायमाला भांडी तुमच्याकडं आणून ठिवीन," ती म्हणाली. हसली नाही.

"आण," मास्तर म्हणाले. "जागा आहे."

त्यानंतर मास्तरांची एक नवीन सवय झाली, आणि ती मोरिवलीत, कॅम्पात, पार बदलापूरपर्यंत सगळ्यांना माहीत झाली. माणूस कितीही तयार झालेला असो, त्याने खोटा हुकूम मोडलेला असो, तरी मास्तर त्याला लगेच ठाण्याला पाठवत नसत. आधी एकदा त्याच्या घरी जात. जमिनीवर बसत, चहा मागून घेत आणि त्याच्या बायकोशी, नाहीतर आईशी, बराच वेळ बोलत. काय बोलत ते त्या माणसाला कळत नसे, कारण त्याला ते बाहेर पाठवत. लोक म्हणायचे, म्हातारपणी मास्तरांना चहाचं वेड लागलं.